सुमनला बटण द्या

अन्याय झाला तो सुमन वसावे हिच्यावर. केव्हा, तेही सांगते. गेल्या एप्रिलमध्ये, डोंगरातल्या मोलगीच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या मीटिंगमध्ये, आम्हा सगळ्यांच्या देखत.

शेठ टेबलावर हात आपटून म्हणाले, "पाड्यावरचा पंप बंद पडलाय आणि सरपंच मला फोनवर शिव्या घालतोय. बाया पुन्हा झऱ्यावर चालल्यात. तुला ठेवलंय कशाला? त्यांची भाषा येते म्हणूनच ना?"

सुमन म्हणाली, "भाषा येते साहेब. बटण नाहीये."

शेठना वाटलं, पोरगी उलटून बोलते. "हा पंप चालू झाला नाही तर पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस," म्हणाले आणि उठले. माझं डोकं फिरलं होतं, कारण त्या खोलीत 'बटण नाहीये' याचा अर्थ मला एकटीला कळला होता.

आमची कंपनी गावोगावच्या सोलर पंपांची दुरुस्ती बघते. नंदुरबारच्या ऑफिसात तक्रारींचा हेल्प डेस्क आहे आणि त्याच्या सॉफ्टवेअरची अ‍ॅडमिन मी. कॉलेजात होस्टेलच्या मेससाठी पत्रकं लिहून वाटली, तेवढंच माझं राजकारण. तिथे एक शिकले होते: आधी विचारायचं, मग ओरडायचं. म्हणून सुमनजवळ खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "झालं काय ते पहिल्यापासून सांग."

तिने सांगितलं ते असं. पाड्यावर रेंज नाही. तिथला रामजी पाडवी बाजाराला मोलगीत आला की तिथून फोन करतो. त्याने पंपाची तक्रार सांगितली, सुमनने तिकीट टाकलं. तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. तिला नंबर मिळतो आणि ती सुटेपर्यंत उघडी राहते. मग डेस्कवरच्या नीलेशने रामजीला उलट फोन लावला. बाजार संपलेला, रामजी डोंगरात. फोन लागला नाही. नीलेशने नियमाप्रमाणे तिकीट 'पेंडिंग'वर टाकलं, म्हणजे ग्राहकाच्या उत्तराची वाट बघतोय. पेंडिंगवरचं तिकीट तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर आपोआप क्लोज होतं.

तीन दिवस. आणि बाजार आठवड्यातून एकदा!

पुढच्या बाजाराला रामजीचा फोन आला. सुमनने पाहिलं तर तिकीट बंद. ते पुन्हा उघडायला, त्यावर उत्तर लिहायला 'एजंट' असावं लागतं. सुमन होती 'व्ह्यूअर'. तिला नवीन तक्रार टाकता यायची आणि बघत बसता यायचं, बस्स. उत्तराचं, उघडण्याचं बटण तिच्या पडद्यावर नव्हतंच. तिने नीलेशला सांगितलं. तो म्हणाला, "नवीन टाक ना ताई." तिने नवीन टाकलं. ते रांगेत शेवटी गेलं, पुन्हा फोन, पुन्हा पेंडिंग, पुन्हा क्लोज.

नीलेशही वाईट पोरगा नाही. नंदुरबार तालुक्यात हा नियम बरोबर चालतो. तिथे फोन पहिल्या रिंगला उचलतात.

मग सुमन एजंट का नव्हती? कारण एजंटला लायसन्स लागतं. हे सॉफ्टवेअर माणसामागे विकतात. आमची लायसन्स होती पाच. व्ह्यूअर फुकट, हवे तेवढे. आता ऐका, ती पाच कोणाकडे होती. पहिलं शेठच्या काकांचं. काका रनाळ्याला शेती करतात, ऑफिसात पूजेला येतात. दुसरं शेठचं. तिसरं शेठच्या मेहुण्यांचं. ते विसरवाडीला स्पेअर पार्ट्सचं गोडाऊन सांभाळतात आणि सगळं काम फोनवर करतात. चौथं माझं. पाचवं नीलेशचं.

लग्नपत्रिका! आधी वडीलधारे, मग यजमान, मग सोयरे. खाली जागा उरली तर वाढपी. माझ्या आधीच्या माणसाने मानाप्रमाणे नावं घातली आणि कोणी हात लावला नाही. पाचातली तीन लॉगिन कोणी कधी उघडलेलीच नव्हती. आणि सगळ्या डोंगराचे फोन घेणारी बाई फुकटातली प्रेक्षक.

मी शेठच्या केबिनमध्ये गेले. "एक लायसन्स सुमनला द्या."

"पाचच आहेत."

"काकांचं काढा."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "काकांचं नाव काढू? आज इथून काढायला सांगतेस, उद्या पत्रिकेतून काढायला सांगशील!"

"मग तुमचं काढा."

"अन् मी काय बाहेर बसू? अगं, एवढं काय त्यात? नीलेशचा पासवर्ड दे तिला. दोघं वापरतील."

"एक लायसन्स एका माणसाचं असतं. करारात ते बसत नाही."

"मोलगीच्या जीपमध्ये एका सीटवर तिघं बसतात. तुझं सॉफ्टवेअर काय विमान आहे?"

"जीप उलटली तर आत कोण होतं ते तरी कळतं, शेठ. इथे सुमनने केलेलं चांगलं नीलेशच्या नावावर जाईल आणि नीलेशने केलेली चूक सुमनच्या गळ्यात पडेल. आज सकाळी पडलीच."

शेठ म्हणाले, "काकांना तू विचार. माझी हिंमत नाही."

विचारते म्हटलं. स्कूटी काढली आणि थेट रनाळं गाठलं. काका ओट्यावर बसून ठिबकच्या नळीला जोड लावत होते. मी आडपडदा ठेवला नाही. तुमच्या नावाचं लायसन्स आहे, ते तुम्ही वापरत नाही, त्यापायी एका पाड्याचं पाणी आणि एका बाईची नोकरी अडकलीय, असं तोंडावर सांगितलं.

काकांनी नळी खाली ठेवली. "लायसन? मन्ही तं गाडी बी पोरगाच चालावस."

मी समजावलं, शेठचं पत्रिकेचं बोलणंही सांगितलं. ते ऐकत गेले तसे त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. म्हटलं, आता बसतात शिव्या.

"पत्रिकामा नाव ऱ्हायनं तं जेवन तरी भेटस," काका त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "आठे, तुमना ऑफिसमा, काय भेटनं माले? अन् माले इचारं कोनी?" मग पोराकडून शेठना फोन लावून घेतला. "काय रे, मन्हा नाववर बाया पानी भरी ऱ्हायन्यात का डोंगरमा? काढी टाक मन्हं नाव. जो काम करस त्याले दे!"

ज्यांच्या मानासाठी सगळं ऑफिस जपत होतं, त्यांना तो मान आहे हेच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ऑफिसात येऊन काकांचं लायसन्स सुमनच्या नावावर केलं. नुसतं लायसन्स देऊन भागत नाही, परवानग्याही ठरवाव्या लागतात: कोणी काय बघायचं, काय बदलायचं. मी सुमनला विचारलं, "तुला काय काय पाहिजे?"

तिने विचार केला नाही, जणू उत्तर तयारच होतं. "उत्तर लिहायचं. बंद झालेलं उघडायचं. आणि ताई, डोंगरातलं तिकीट आपोआप बंद व्हायला नको. माणूस बाजारात येऊन 'पाणी आलं' म्हणाला, की मी बंद करीन."

"आणखी?"

"नीलेशला पण सांगा, मला विचारल्याशिवाय डोंगरातलं बंद करायचं नाही."

नीलेश बाजूलाच होता. "म्हणजे आता तू माझी साहेब?"

"डोंगरापुरती," सुमन म्हणाली. नीलेशने हात जोडले आणि तिघंही हसलो.

अक्कलकुवा आणि धडगाव या डोंगरी तालुक्यांच्या तिकिटांचा मी वेगळा गट केला. त्या गटाचं आपोआप क्लोज होणं काढून टाकलं. मग माउस सुमनच्या हाती दिला. रामजीचं पहिलं तिकीट तिने स्वतः उघडलं. त्यावर तिचं नाव उमटलं: सुमन वसावे, एजंट. तिने ते दोनदा वाचलं. मीही वाचलं. स्वतःच्या पहिल्या पत्रकाची शाई बोटाला लागली होती, तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

त्याच रात्री तिने विसरवाडीच्या गोडाऊनमधून पंपाचा कंट्रोलर मागवला, सकाळच्या जीपने मेकॅनिक मोलगीकडे निघाला. पुढच्या बाजाराला रामजीचा फोन आला. सुमन तिच्या भाषेत बोलत होती, मला शब्द कळले नाहीत, पण पलीकडून इतक्या मोठ्याने हसणं ऐकू आलं की नीलेशने मान वर केली. सुमनने फोन ठेवला आणि तिकीट क्लोज केलं.

सुमन आजही डेस्कवर आहे. शेठनी माफी मागितली नाही, पण आता डोंगरातलं काही आलं की आधी तिच्या टेबलाशी जातात. स्वतःचं लायसन्सही त्यांनी सोडलं. ते मोलगीकडे जाणाऱ्या मेकॅनिकला दिलं. मेहुण्यांचंही काढलं, तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. चालेल.

धडा सांगायचा तर एवढाच. सॉफ्टवेअर लबाड नव्हतं. बटण ज्याच्या हातात दिलं, त्याचंच ते ऐकत होतं. हात आम्ही चुकीचे निवडले होते.

आता तुमचं काय? तुम्हीही कुठेतरी साहेब असाल, काका असाल, मेहुणे असाल. तुमच्या नावावरही एखादं लॉगिन धूळ खात पडलं असेल, आणि शेजारच्या टेबलावरची बाई हात बांधून पडद्याकडे बघत असेल. उद्या ऑफिसात गेल्यावर चहाच्या आधी अ‍ॅडमिनकडे जा आणि सांगा, माझं नाव काढ, तिचं घाल.