गौरीपासून मोजलेले आठवडे

“चौतीस आठवडे झालेत, पण बाळ एकतिसाचंच दिसतंय,” डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये म्हणाल्या. आजाराचं नाव तेवढं इंग्रजीत सांगितलं, इंट्रायूटेराइन ग्रोथ रिटार्डेशन. म्हणजे पोटातल्या पोटात बाळाची वाढ मागे पडणं. माझी सून वनजा टेबलावर पडली होती. तिनं माझा हात घट्ट धरला.

“दोन आठवड्यांनी परत स्कॅन. वाढ दिसली नाही तर सिझेरियन. आत वाढत नसेल, तर बाहेर काढून वाढवलेलं बरं.”

चौऱ्याण्णव सालचा उन्हाळा होता तो. आतासारखी उठसूट सोनोग्राफी नव्हती. वनजाची ही पहिलीच. घरी आल्यावर मी तिला दूध पाजलं, लोणी चारलं, देवाला नवस बोलले. ती बिचारी मुकाट्यानं खायची आणि पोटावर हात ठेवून बसायची.

चार दिवसांनी तिचा बीपी दाखवायला परत गेलो. बाहेर ही गर्दी! भिंतीवर एक मोठा तक्ता होता, आईच्या पोटात बाळ आठवड्या-आठवड्याला कसं होतं त्याचा. मी आठवीपर्यंत शिकलेली, पण चित्रं बघायला काय लागतं? सहाव्या आठवड्यात हृदय धडधडतं म्हणे, आणि तेव्हा बाळ मसुराएवढं! सात बाळंतपणं केली मी, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

मला चाळाच लागला. म्हटलं, आपलं बाळ मसुराएवढं होतं तेव्हा आपण काय करत होतो? वनजाची फाईल उघडून बोटांवर मोजलं. कागदाप्रमाणे सहावा आठवडा दसऱ्याच्या आधीच संपत होता.

“असं कसं गं? तू गौरी आल्या त्या दिवशी बाजूला बसलीस. गौरीनंतर महिन्याभरानं दसरा. मग सहा आठवडे दसऱ्यानंतर व्हायला हवेत.”

वनजा हळूच म्हणाली, “अत्ते, गेल्या साली अधिक महिना होता. गौरी सप्टेंबर संपता संपता आल्या.”

मी फाईलचं पहिलं पान काढलं. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली होती. वनजा म्हणाली होती, “गौरी...” आणि तिचं पुढचं बोलणं व्हायच्या आत मीच सांगितलं, “सप्टेंबरची सुरुवात. लिहा, लिहा.” त्याच्या आदल्या साली गौरी तेव्हाच आल्या होत्या ना!

म्हणजे बाळ मागे नव्हतं, मीच त्याला तीन आठवडे पुढे ढकललं होतं. आणि आता त्याला वेळेआधी बाहेर काढायला निघालो होतो. तेवढ्यात आमचा नंबर आला.

आत जाऊन सगळं कबूल केलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “अज्जी, तुम्हाला विचारलं होतं का मी?”

“नाही.”

“स्वल्प गप्प बसला असता तर?” मग त्यांनी वनजाकडूनच नीट तारीख घेतली. “तरीही स्कॅन होईल हं. बाळ खरोखर वाढतंय का, ते मला बघू दे.”

उरलेले दहा दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. स्कॅनमध्ये फीमर लेंग्थ मोजतात, म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी. दोन आठवड्यांत ते दोन आठवड्यांइतकंच वाढलं होतं, डोकंही तसंच. सिझेरियन रद्द! जून संपताना नातू झाला, आपणहून, खणखणीत रडत. त्या डॉक्टरीणबाई न रागावता पुन्हा मोजायला बसल्या, हे त्यांचे उपकार.

घरात कुणी पोटुशी असेल तर बायांनो, तारीख लिहून ठेवा, आणि ती तिला स्वतःला सांगू द्या.

दीड महिन्यानं बाळाला इंजेक्शनला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “तोंडाकडे बघून हसतो का? कधीपासून?” आता या वयात बाळ माणूस ओळखून हसायला लागतं, हेही मला त्याच दिवशी कळलं. मी तर बारशापासून हसतो म्हणून गल्लीभर सांगत होते.

मी पिशवीतलं दुपटं काढून घडी घालत बसले.

“परवापासून,” वनजा म्हणाली. “मी वेणी घालत होते, तेव्हा.”

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.