जनीआते आणि पाण्यावरच्या माश्या

आमच्या जनीआतेला वाडीत कुणी शहाणी म्हटलं नाही. म्हणणार कोण? शाळेची पायरी चढली नाही, नवरा मुंबईला गेला तो परत फिरकला नाही. भावाच्या घरी राहिली आणि भावाचं आईवेगळं पोर वाढवलं. ते पोर म्हणजे मी, काशीराम. माझं लग्न झालं तशी सुनेला जाच नको म्हणून मागच्या दारी खोपी बांधून तिने चूल वेगळी केली. अशा बाईबद्दल कुणी वाकडं बोललं तर आजही माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आते माश्या मोजायची. हो, माश्या! भातकापणी झाली की मळ्यात ती कलिंगडं लावायची. वेलाला फुलं आली की सकाळी तंबाखूची चिमूट दाढेत धरून बांधावर बसायची, आणि चिमूट संपेस्तोवर फुलांवर किती सातेरी, म्हणजे झाडाच्या ढोलीत पोळं करणाऱ्या मधमाश्या, आल्या ते बोटांवर मोजायची. एकदा तिने एक वेडंवाकडं कलिंगड फोडून मला दाखवलं. फुगीर अंगाला काळ्याभोर बिया, चेपलेल्या अंगाला नुसती पांढरी टरफलं.

"या अंगाला माशी फिरली नाय, बघ. माशीबिगर फळ भरत नाय रं."

"आते, एवढी हजेरी घेतेस, मग शाळेत मास्तरीण का झाली नाहीस?"

"तुला वाढवता वाढवता राहून गेलं, मेल्या!"

वाडीला तिचा एवढा एकच उपयोग वाटायचा. पौषात विहिरीचा तळ दिसायला लागला की आम्ही पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वाळूत डुरा खणतो. कमरेएवढा खड्डा. त्यात पाणी झिरपतं, तेच पावसापर्यंत प्यायचं. ओल्या वाळूवर जिथे माश्या पाण्याला उतरतात तिथे आते काठी रोवायची आणि तिथेच डुरा खणायचा. माशीला पाण्यातलं काय कळतं ते देव जाणे, पण तिने दाखवलेला डुरा कधी आटला नाही.

चौऱ्याऐंशी साली गिरणीतली नोकरी सुटली आणि मी मुंबईहून कायमचा घरी आलो. माझी बायको दमयंती चार महिन्यांची पोटुशी होती आणि हाताला काम नव्हतं. वरच्या कातळावर एका बागवाल्याने आंब्याची बाग घेतली होती. मोहोरावर तुडतुड्याची कीड पडलेली, म्हणून त्याने मला औषध फवारायला ठेवलं. पाठीवर पंप घेऊन मी झाडामागून झाड भिजवायचो.

पंधरा दिवसांत आते माझ्या दारात आली. "काशा, परवा वीस माश्या होत्या. आज तंबाखू संपली तरी तीनच आल्या. तू मोहोरावर माश्या असताना औषध मारतोस काय रं?"

"फवारायची वेळ बागवाला सांगतो, आते. माशी नाही सांगत."

काय पण अक्कल पाजळली! ती आली तशी निघून गेली.

आता माझी चूक सांगतो. आमच्या घरची शिस्त अशी की कोयता असो की नांगर, बाहेरचं अवजार धुतल्याशिवाय ओटीवर आणायचं नाही. ही शिस्त आतेनेच माझ्या अंगी लावलेली. मी पंपालाही तीच लावली. येताना रोज पऱ्यात पंप खळखळून धुवायचा आणि मगच घर. डुरा तिथून खाली जेमतेम तीस पावलांवर होता. पण अहो, मी तर अवजार स्वच्छ करत होतो, त्यात वाईट काय असणार?

माघ सरताना एका सकाळी आते पाण्याला गेली आणि तिथेच थबकली. डुऱ्याभोवतीच्या ओल्या वाळूवर माश्या मरून पडल्या होत्या. एकदोन नाहीत, मूठभर. काही अजून पाय झाडत होत्या. आते डुऱ्यासमोर आडवी उभी राहिली आणि कुणाला कळशी बुडवू देईना.

"अगो म्हातारे," शेजारची गोदा कावली, "माश्या मेल्या म्हणून आमी तहानेनं मरायचं?"

"मर, पण हे पाणी नको पिऊ!"

दुपारी पऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी प्यालेली गोदाची शेळी तोंडाला फेस येऊन आडवी झाली. तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली.

संध्याकाळी देवळापुढे वाडी जमली. भिकाजी गावकर वाडीचा म्होरक्या. त्याने विचारलं, "पऱ्यात पंप धुतला कुनी?" वाडीत पंप एकच. सगळे डोळे माझ्यावर. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत आते उठली.

"काल मी नेलेला, कलिंगडांवर मारायला. मीच धुतला. ह्याला कायपन ठावं नाय."

फुलावरची माशी उडेल म्हणून बांधावर खोकत नसे ती बाई! ती औषध मारणार? पण रागावलेल्या माणसांना एवढा विचार सुचत नाही. आणि मी? मी खाली मान घालून गप्प बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो. निकाल झाला: नवा डुरा पंप धुतल्या जागेच्या वर खणायचा, आणि पाऊस पडेपर्यंत जनीच्या चुलीला त्याचं पाणी बंद.

दुसऱ्या दिवसापासून सत्तरीची आते घाटी उतरून खालच्या वाडीच्या विहिरीवर जाऊ लागली. दमयंतीने आपल्या हंड्यातलं पाणी देऊ केलं, तर म्हणाली, "वाडीचा शब्द हाय, बाय. तू नको त्यात पडू." मी पंप बागवाल्याकडे टाकून आलो, पण तोंड उघडायचा धीर होईना. आठव्या दिवशी घाटीच्या मधोमध ती बसलेली दिसली. कळशी शेजारी, हात गुडघ्यावर, श्वास लागलेला. तसाच वर नव्या डुऱ्यावर गेलो. बायका होत्या, भिकाजी होता. म्हटलं, "पंप मी धुतला. रोज धुतला. आते खोटं बोलली."

आतेला कळलं तेव्हा तिने मला आयुष्यात पहिल्यांदा थोबाडीत मारली. आणि मग रडली.

"गाढवा! आता बंदी तुझ्या चुलीला. ती पोटुशी पोर घाटी चढंल काय? माझं म्हातारीचं चाललं होतं ना!"

तेव्हा कुठे मला उमगलं, ती माझ्यासाठी नाही, दमयंतीच्या पोटातल्या जिवासाठी खोटं बोलली होती.

आमच्याकडे पुरुष डोक्यावर पाणी आणत नाही. मी आणलं. चुंबळ करून, कळशीवर कळशी, दिवसाला चार खेपा, पावसापर्यंत. वाडीचे बाप्ये फिदीफिदी हसले. हसोत! पहिल्या खेपेची वरची कळशी मी आतेच्या खोपीत ठेवली. तिला आता डुरा मोकळा होता, दहा पावलांवर पाणी होतं. तरी पाऊस पडेपर्यंत ती माझ्याच कळशीतलं पाणी प्यायली.