यापा न देणारी फोर्तुनाता

ऊआन्कायो शहराच्या बाजारात माझी पावाची गाडी आणि फोर्तुनाता याउरीची एमोलियेन्तेची गाडी शेजारीशेजारी. एमोलियेन्ते म्हणजे जवाचं आणि अळशीचं गरम, बुळबुळीत पाणी, त्यात लिंबू आणि रस्त्याकडेला उगवणारा यान्तेनचा पाला. घसा बसलेलं गिऱ्हाईक दिसलं की त्यानं तोंड उघडायच्या आत हिचा डाव यान्तेनच्या पातेल्यात. बाजार तिला मानानं 'दोन्या' म्हणतो, पण बाई महाफटकळ. मी तिच्याशी सारखी भांडते, पण दुसरं कुणी तिला बोललेलं मला खपत नाही.

तिची भाची सोराइदा नर्सिंग शिकत होती. पदवीच्या प्रबंधासाठी तिनं विषय घेतला, मावशीच्या यान्तेननं घशाला खरंच आराम पडतो का? पुरावा आणला तरच पदवी. जुलैतल्या स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची तालीम घेताना शाळाशाळांतले शिक्षक ओरडून घसा फोडत होते, तेव्हा माणसांचा तोटा नव्हता. सोराइदानं अर्ध्या शिक्षकांना लाल चिठ्ठी दिली, अर्ध्यांना निळी. लाल चिठ्ठी दिसली की फोर्तुनातानं यान्तेनच्या पातेल्यातलं द्यायचं, निळी दिसली की नुसतं जव-अळशीचं. कुणाला काय मिळतंय, हे शिक्षकांना सांगायचं नाही.

शेवटी बघते तर काय, सगळ्यांना सारखाच आराम! सोराइदा माझ्या बाकड्यावर बसून रडायला लागली. "म्हणजे यान्तेनमध्ये काही दमच नाही, मावशी."

"दम नाही?" फोर्तुनाता कडाडली. "मग निळ्या चिठ्ठीवाल्यांचा घसा कशानं उघडला? त्यांना यापा मी यान्तेनचाच देत होते की!"

यापा म्हणजे पेला संपल्यावर मिळणारा फुकटचा वरचा घोट. तो न देणाऱ्याकडे आमच्या बाजारात कुणी फिरकत नाही.

"अगं मावशी, निळ्यांना यान्तेन द्यायचंच नव्हतं!"

"पेल्यात कुठं दिलं? यापा काय हिशेबात धरायचा असतो? घसा सोलवटलेली माणसं ती. त्यांना नुसतं जवाचं पाणी पाजून पाठवू? देवाला काय तोंड दाखवू?"

मी पोट धरून हसले. सोराइदा हसली नाही.

पुन्हा सगळं पहिल्यापासून, नव्या शिक्षकांवर. या वेळी पातेली सोराइदाच घरून भरून आणायची. दोन्हींत लिंबू इतकं की कुठल्यात काय, ते फोर्तुनातालाही कळू नये. आणि माप सगळ्यांचं सारखं राहावं म्हणून यापा बंद. चिठ्ठीवाल्यांदेखत बाकीच्यांना कसा देणार, म्हणून सगळ्यांनाच बंद.

"काय दोन्या फोर्तुनाता, हात आखडला का म्हातारपणी?" रोजचा एक हमाल रिकामा पेला पुढं धरून म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून समोरच्या गाडीवर जायला लागला. त्याच्यामागून आणखी किती गेले. कारण सांगायची सोय नव्हती, शिक्षकांच्या कानावर गेलं असतं. कुणाचं कधी ऐकून न घेणारी ही बाई दोन्ही हात एप्रनखाली घालून गप्प उभी राहायची. मला बघवत नव्हतं.

या खेपेला फरक दिसला. यान्तेनवाल्यांना घास गिळायला आधी जमलं. खोकला मात्र दोन्हीकडे तसाच.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला विद्यापीठात मी आणि फोर्तुनाता ठेवणीतले घागरे घालून मागच्या रांगेत बसलो. परीक्षकानं विचारलं, "ही दुसरी खेप. पहिलीचं काय झालं?"

मावशीची लाज राखायला सोराइदा चाचरली. "ती... जमली नाही, सर."

फोर्तुनाता उभी राहिली. मी तिचा घागरा ओढला, पण ऐकेल तर शपथ.

"जमली नाही कसली, मी बिघडवली. निळ्यांना यान्तेनचा यापा पाजला. लिहा ते. खोकला बरा होतो असं मी जन्मभर सांगत आले, तेही खरं निघालं नाही. तेही लिहा."

"आणि घशाचं?" परीक्षकानं हसू दाबत विचारलं.

"ते खरं आहे. ते मोठ्या अक्षरात लिहा!"

सोराइदाला पदवी मिळाली. टाळ्या पहिल्यांदा मी वाजवल्या, सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हमाल खोकत खोकत परत आला. "दोन्या, खोकल्यावर द्या की काहीतरी."

"खोकल्यावर माझ्याकडे काही नाही. दवाखान्यात जा."

तो पुन्हा समोरच्या गाडीकडे वळला. त्याच्या पाठीकडे बघत फोर्तुनाता ताठ उभी होती, आणि अभिमानानं माझा ऊर भरून आला.