खवल्यांसाठी बंद केलेला डोह

सलग दहा-अकरा उन्हाळे आमच्या गावातलं कुणी वरच्या डोहात उतरलं नाही. आज हे सांगितलं तर भालकीकडचे लोकसुद्धा हसतात. मांजरा नदीच्या काठावर राहायचं आणि ऐन उन्हाळ्यात पोहायचं नाही, हे त्यांना पटत नाही. पण तसं झालं, आणि त्याचा अर्ज मी लिहिला होता.

गावाजवळ नदीला दोन डोह. वरचा खोल, तीन बाजूंनी काळा खडक. उन्हाळ्यात धार तुटली तरी त्यात दोन पुरुष पाणी राहायचं. खालचा अर्ध्या कोसावर, वाळूचा, छातीइतक्या पाण्याचा. वरचा डोह गावाचा आणि खालचा आमच्या वस्तीचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. निजामाच्या अमलात तसं होतं, आणि आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला तरी तसंच राहिलं.

छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला. पुढच्या उन्हाळ्यात माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, भर दुपारी वरच्या डोहाच्या खडकावर चढले आणि उडी मारली. तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे असतील. त्यांना धड पोहता येत नव्हतं. हातपाय मारत कसेबसे कडेला आले, आणि पुन्हा खडकावर चढून दुसरी उडी मारली. गावानं पंधरा दिवस आमच्या वस्तीतल्या कुणाला कामावर बोलावलं नाही. मग पेरणीचे दिवस आले आणि बोलावलं.

त्यानंतर वस्तीतले सगळेच हळूहळू तिथं जायला लागले. माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून अण्णांनीच मला पोहायला शिकवलं. पुढं स्वतःच्या दोन्ही मुलींना तसंच शिकवलं. गावातले लोक आम्ही आलो की निघून जायचे, पण पाणी एकच होतं.

मी शिक्षक झालो आणि काही वर्षं दुसरीकडं काढून आमच्याच गावच्या मराठी शाळेवर आलो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. त्या उन्हाळ्यात वरचा डोहही गुडघाभर झाला होता आणि लोकांनी टोपल्यांनी मासे काढून नेले होते. त्यात खवल्या नावाचा मासा जवळजवळ संपला. रुपयाएवढी खवलं, सोनेरी पाठ, हाताएवढा लांब. आमच्याकडं त्याला खवल्याच म्हणायचे. मासेखात्याच्या कागदावर त्याचं वेगळंच नाव होतं, ते मला कधी नीट म्हणता आलं नाही.

दुष्काळानंतर तीन वर्षांनी, मार्चच्या शेवटी, एक म्हातारे भोई शाळेत आले. नदीवर मासे धरण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळे त्यांना अप्पा म्हणत. वर्गाच्या दारात उभे राहून म्हणाले, “गुरुजी, शाळा सुटल्यावर जरा डोहाकडं या. बोलायचं न्हाई, दावायचं हाय.”

तो सोमवार होता. आदल्या दिवशी रविवार म्हणून डोहावर जत्रा भरली होती. हुमनाबादच्या हमरस्त्यावरचे लॉरीवाले, कारखान्यातले कामगार, एका कडेला आमच्या गावातले, दुसऱ्या कडेला वस्तीतले, सगळे पाण्यात. मीही शाळेतल्या वीस-पंचवीस मुलांना घेऊन तीन तास डुंबलो होतो.

अप्पांनी मला खडकावर बसवलं. पाणी अजून गढूळ होतं, वर साबणाचा तवंग होता. कडेला चार खवल्या मासे पोट वर करून पडले होते. एकाच्या नाकाडाचं सालपट निघालं होतं. मधल्या भागात सात-आठ मासे तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते.

“दम लागलाय त्यांला,” अप्पा म्हणाले. “पाणी एवढंसं राहिलंय. माणसं उड्या टाकतेत, तळ ढवळून निघतो, मासं भेऊन खडकावर आदळतेत. मी ह्या साली जाळं टाकलं न्हाई. तरी मरायलेत.”

“किती राहिले असतील?”

“मोठं असतील चाळीसेक. त्येंनीच पावसाळ्यात अंडी घालायची. ती गेली की संपलं.”

आदल्या दिवशीच्या माझ्या उड्या मला आठवत होत्या. त्या मुलांना स्पर्धा लावून तळाची माती वर आणायला मीच सांगितलं होतं.

उन्हाळ्यात डोह बंद ठेवावा असा मी मासेखात्याला अर्ज केला. तो कन्नडमध्ये लिहावा लागला. मराठी अर्ज बीदरला वाचला जात नाही असा सगळ्यांचा अनुभव होता. मी कन्नड परीक्षा दिलेली होती, त्यामुळं लिहिता आला. उत्तराची आशा नव्हती. पण पुढच्या वर्षी, शिमग्याच्या आधी, मासेखात्याचा एक तरुण साहेब एस.टी.नं आला. मोजमापाची काठी घेऊन दोन दिवस डोहात फिरला, अप्पांशी तासन्‌तास बोलला. अप्पांचं कन्नड तोडकं आणि साहेबाला मराठी येत नव्हतं, म्हणून मी मध्ये. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चावडीपुढं गाव बोलावलं.

साहेब म्हणाला आणि मी मराठीत सांगत गेलो. शिमग्यापासून नदीला पहिला पूर येईपर्यंत वरच्या डोहात कुणी उतरायचं नाही. पोहणं नाही, साबण नाही, म्हशी नाहीत. लोकांनी माना हलवल्या. जुने पाटील, ज्यांचं वतन गेलं होतं पण ज्यांना लोक पाटीलच म्हणत, तेही म्हणाले, “चार महिन्याचा तर प्रश्न हाय.”

मग साहेब म्हणाला, “पोहायला, आंघोळीला खालचा डोह आहेच. तिथं हे मासे राहत नाहीत. सगळ्यांनी तिथं जावं.”

मी ते मराठीत सांगितलं आणि माना हलायच्या थांबल्या.

पाटील म्हणाले, “खाली न्हाई जमायचं.”

“कामून?” अण्णांनी मागून विचारलं. ते आमच्या वस्तीच्या लोकांबरोबर पिंपळाखाली उभे होते.

साहेब माझ्याकडं बघून कन्नडमध्ये म्हणाला, “काय म्हणतात? खालचं पाणी वाईट आहे का?”

गावातल्या बऱ्याच लोकांना कन्नड कळत होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, “पाणी चांगलं आहे. तिथं आमची वस्ती आंघोळ करते, म्हणून ह्यांना जमत नाही.” हे सांगताना माझा आवाज मला परका वाटला. साहेबानं मान खाली घातली आणि वहीत उगाच काहीतरी लिहिलं.

थोड्या वेळानं पाटलांनी तोड काढली. गावातल्या मोजक्या घरांनी पहाटे तासभर वर आंघोळ करावी, बाकी सगळ्यांना बंदी. मी ते साहेबाला सांगायच्या आधीच अण्णा पुढं आले.

“मासा वाचवायचा असंल तर आम्ही बी उतरत न्हाई,” ते म्हणाले. “पर तुमचा एक जण उतरला, की आमची सगळी वस्ती उतरंल. मग आम्हाला मासं दावू नका.”

ह्याला काही तोड नव्हती. साहेबानं नियम सगळ्यांना सारखा ठेवला, कन्नडमधली पाटी लावली, आणि राखण अप्पांवर सोपवून निघून गेला. पाटीखाली मी खडूनं मराठीत लिहिलं.

घरी अण्णा माझ्याशी बोलेनात. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, “अर्ज तू लिव्हलास.”

“व्हय.”

“आत पाय ठेवून वीस वर्षं झाली न्हाईत अजून. आन तूच भाईर काढायलास.”

मी मासे, अंडी, पाण्यातली हवा, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “मला मासं कळतेत,” म्हणाले, “तुला मी कळत न्हाई.” आणि हात धुवायला उठले. त्यांचं खोटं नव्हतं. अर्ज लिहिताना मला मासे दिसले होते, उडी मारणारे अण्णा नव्हते दिसले. ह्याचं मला फार वाईट वाटलं, पण अर्ज मागं घ्यावा असंही वाटलं नाही. दोन्ही गोष्टी मी बरीच वर्षं बरोबर बाळगल्या.

तरी पहिल्या रविवारी अण्णा खडकावर जाऊन बसले. हुमनाबादकडून एक लॉरी भरून माणसं आली होती. अप्पा एकटे त्यांना अडवत होते आणि ती ऐकत नव्हती. अण्णा उठून मध्ये उभे राहिले.

“तू कोण सांगणारा?” एकानं विचारलं.

“ह्या गावचा हाय. खाली चांगलं पाणी हाय, चला दावतो.”

त्यांनी खरंच त्या लोकांना खालच्या डोहावर नेलं. पुढं दर रविवारी ते वरच्या डोहाच्या खडकावर जाऊन बसायला लागले.

त्या उन्हाळ्यात सुरुवातीला गावातले लोक खाली फिरकले नाहीत. विहिरींवर आंघोळी करायचे. वैशाखात विहिरी तळाला गेल्या. आधी धुणी घेऊन बायका आल्या. ही हकीकत मला माझ्या वहिनीनं सांगितली. वस्तीच्या बायका धुणं धूत होत्या. गावातल्या चौघी-पाचजणी काठावर येऊन थांबल्या. सवयीनं आमच्या बायका दगड सोडून उठल्या. वहिनी उठली नाही. धुणं आपटत आपटतच म्हणाली, “अक्का, तो शेजारचा दगूड मोकळा हाय. बसा की.” त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग एक बसली. मग बाकीच्या. पुरुष त्यानंतर आठवडाभरानं आले, आणि शाळेतली मुलं तर कधीच यायला लागली होती, फक्त घरी सांगत नव्हती.

ह्यानं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. हॉटेलात आमच्या कपबश्या त्यानंतरही बरीच वर्षं वेगळ्या होत्या. पण शिमग्यापासून पुरापर्यंत खालचा डोह सगळ्यांचा झाला, तेवढं खरं.

तिसऱ्या उन्हाळ्यात नियम मोडला. पाटलांचा जावई सोलापुराहून आला होता. दुपारी मित्रांना घेऊन वरच्या डोहात उतरला. अप्पांनी हाका मारल्या, त्यानं वर पाहिलंही नाही. तासाभरात आमची सगळी वस्ती काठावर. तरुण पोरांनी सदरे काढले होते. अण्णांच्या शब्दाची सगळे वाट बघत होते. अप्पा खाली मान घालून खडकावर बसले होते. त्यांना ठाऊक होतं, पन्नास माणसं उतरली की तीन वर्षांची राखण फुकट.

अण्णा पोरांना म्हणाले, “मी यीस्तोवर कुणी उतरू नका.” आणि पाटलांच्या घरी गेले. मीही मागोमाग गेलो. एरवी आमचे लोक पाटलांच्या अंगणाच्या कडेला उभे राहत. अण्णा सोप्याच्या पायरीशी गेले.

“पाटील, तुमचा माणूस पाण्यात हाय. आमची माणसं काठावर हायत. काय ते सांगा.”

पाटील जेवून पडले होते. उठले, टोपीही न घालता चपला सरकवून निघाले. डोहावर येऊन सगळ्यांदेखत जावयाला म्हणाले, “भाईर या.” जावई हसला. पाटील पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हणाले, “भाईर या म्हणलो न्हवं.” तो बाहेर आला, ओल्या अंगानं कपडे चढवले आणि त्याच संध्याकाळच्या मोटारीनं बायकोला घेऊन सोलापूरला गेला. पाटलीणबाई पुढं महिनाभर पाटलांशी बोलल्या नाहीत असं गावात म्हणत. पोरांनी सदरे घातले. पाटील जाताना अण्णांना म्हणाले, “पुन्हा असं झालं तर मला सांग.” अण्णा म्हणाले, “सांगतो.”

पुन्हा झालं नाही.

पाचव्या वर्षी, पूर ओसरल्यावर, अप्पांनी मला आणि अण्णांना डोहाच्या वरच्या अंगाला नेलं. गोट्यांवरून पाणी खळाळत होतं. अप्पांनी ओंजळीनं गवत बाजूला केलं. बोटाच्या पेराएवढी खवल्यांची पिल्लं, शेकड्यांनी, प्रवाहाकडं तोंड करून जागच्या जागी पोहत होती. अण्णा पाण्यात गुडघे टेकून बराच वेळ बघत राहिले. परतताना अप्पांना त्यांनी पिल्लं काय खातात, किती दिवसांत वाढतात, असं वाटभर विचारलं.

अप्पा चौऱ्याऐंशीला वारले. त्यानंतर राखण अण्णांनी आणि अप्पांच्या एका पुतण्यानं केली. पुढं नदीचं पाणी वर अडवलं गेलं, पंपांच्या रांगा लागल्या, आणि दोन उन्हाळ्यांत डोहच आटला. बंदी कुणी उठवली नाही. बंद करायला पाणी उरलं नाही, एवढंच. खवल्यांचं काय झालं ते नक्की सांगता येत नाही. खाली, मोठ्या पाण्यात अजून सापडतात असं तो पुतण्या सांगायचा.

तोवर माझी बदली आळंद तालुक्यात मादन हिप्परग्याला झाली होती. एकदा सुटीत घरी आलो असताना मी अण्णांना विचारलं, “अर्जाचा राग अजून हाय का?”

“हाय थोडा.”

“मग एवढी वर्षं राखण कामून केलास?”

ते ज्वारीच्या कणसातले दाणे चोळत होते. “चावडीपुढं बोललो होतो की,” म्हणाले. “आन नंतर बघायची सवय लागली. शिमगा झाला की किती मासं आलेत ते बघायचं. तू पोरांची हजेरी घेत न्हाईस का?”

मग त्यांनी मला तिथल्या शाळेचं विचारलं. पोरं किती, मराठी शिकणारी किती, आणि शाळेजवळ पोहण्याजोगं पाणी आहे का.