आखणीनंतरचा सांधा

माझ्या आईचा, गोदूबाईचा, उजवा पाय गुडघ्याच्या चार बोटं वर हलायचा. तिथे हलायला नको. "मला दोन गुडघे हायत," ती म्हणायची आणि हसायची. मला हसू यायचं नाही.

पेणच्या कारखान्यात तिने चाळीस वर्षं गणपतीच्या डोळ्यांची आखणी केली. भुवई, पापणी, शेवटी बुबुळ. बुबुळ टेकवताना ती श्वास धरायची, आम्हा पोरांनाही धरायला लावायची. मांडी घालून बसून बसून गुडघे झिजले, म्हणून तीन वर्षांपूर्वी उजवा बदलला. छान चालू लागली. मग गेल्या वर्षी श्रावणात ओल्या शाडूवरून घसरली. नवा गुडघा शाबूत राहिला, त्याच्या लगेच वरचं मांडीचं हाड मोडलं. पट्टी आणि स्क्रू बसवले. नऊ महिने झाले तरी हाड सांधेना. मी तिला रोह्याला, अष्टमी गावातल्या आमच्या घरी घेऊन आले.

पनवेलच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. मधली काळी फट मलाही दिसली. वय, साखर, गुडघ्याजवळचं ठिसूळ हाड. अशांचं जुळायला फार वेळ लागतो, म्हणाले. पट्टी वाकायला लागली होती. "पुन्हा उघडून टोकं खरवडायची, कमरेचं हाड मध्ये भरायचं, लांब सळई घालायची. धोका आहे. पण पट्टी तुटली तर उभं राहणं संपलं."

"नको," आई म्हणाली.

परतताना बसमध्ये हळूच बोलली, "आखणी झाल्यावर सांधायचं नसतं गो."

हा आमच्या कारखान्याचा नियम. डोळे उघडण्याआधी मूर्ती मोडली तर सांधायची. नंतर मोडली तर पाण्यात सोडायची.

तो नियम तिने एकदाच मोडला. मी नऊ वर्षांची होते. अष्टमीच्या हैबतरावांच्या गणपतीची मूर्ती डोळ्यांसकट तयार होती, सकाळी ते न्यायला येणार होते, आणि मूर्तीचा हात मनगटात तुटलेला सापडला. आईने दार लावून हात सांधला, वर रंग दिला. त्याच थंडीत हैबतराव गेले. इथे राहायला आल्यापासून आई त्यांच्या गल्लीकडची खिडकी उघडू देत नव्हती. पाय हलला की तिकडे बघायची. "हात मागतोय तो गणपती," म्हणायची.

शेवटी मी सांगून टाकलं. "आई, तो हात मी मोडला होता."

"ठाऊक हाय. तुझ्या फ्रॉकला सोनेरी रंग लागला होता." ती पाय चोळत राहिली. "म्हणून तर. माझा पाय धरून बसलाय तवर तुझ्याकडं येनार नाय. तुला पोर हाय."

पोर म्हणजे मृणाली. धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, स्कूटीने जाते-येते.

दुसऱ्या दिवशी मी हैबतरावांच्या बायकोकडे, बायजाकाकूंकडे गेले. सगळं सांगितलं.

"एवढंच व्हय?" काकू म्हणाल्या. "सांधा आमच्या ह्यांना घरी आणतानाच दिसला होता. म्हनले, गोदूबाईचा हात बघ! गणपती नदीत सोडला तवाही तो हात जागच्या जागी होता."

"पण काका त्याच वर्षी..."

"दिवसाला तीन बंडलं बिड्या ओढायचे गो! गणपतीला कशाला बोल लावता?"

घरी येऊन आईला सांगितलं. बिड्यांचं तिने ऐकलंच नाही.

"पाण्यातपन टिकला?"

"टिकला."

तिची बोटं माती मळल्यासारखी हलली. "सुकी कड खरवडून घेतली होती मी. नायतर ओली माती धरत नाय." मग म्हणाली, "डॉक्टर पन तेच बोलला ना? खरवडायचं?"

ऑपरेशनला चार महिने झाले. कालच्या एक्स-रेत फटीवर धुरासारखं पांढरं दिसलं. धरतंय, डॉक्टर म्हणाले. आई वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जाते. खिडकी उघडी ठेवते.

ती खिडकी आता मी लावते. एवढी शिकलेली मी, पण लावते. मृणालीची सेकंड शिफ्ट अकराला सुटते. पुलावरून पंधरा मिनिटं लागतात. बारा वाजायला आलेत, फोन उचलत नाही. आत आई गाढ झोपली आहे, पाय अगदी स्थिर, आता कुणीच धरून बसलेलं नसल्यासारखा.