गव्हर्नरचा बाप, माझा बाप

सरांचा हात माझ्या डब्यापर्यंत आला आणि तसाच मागे गेला.

"नको, आज ॲसिडिटी आहे," म्हणाले. आणि शेजारच्या डब्यातलं लोणचं घेतलं.

दुबईत, देऱ्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही चार मराठी माणसं, आमचे मॅनेजर सर धरून, रोज दुपारी डबे एकत्र उघडतो. सहा वर्षं माझ्या बायकोच्या ठेच्यावर पहिला हात सरांचाच पडायचा. "यल्ला, चला, वहिनींना सांगा, उद्या जास्त द्या!" आज ठेचा तसाच राहिला. बाकीच्या दोघांनीही सरांकडे बघून हात आवरला. ही ॲसिडिटी कधीची, ते मला माहीत होतं. कालची.

काल पाहुणा आला होता. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या, मक्याच्या एका राज्याचा माजी गव्हर्नर. आमची कंपनी तिकडून धान्य आणते, म्हणून सरांनी त्याला जेवण दिलं. त्याची ओळख लिहायचं काम माझ्याकडे. आठवडाभर त्याचं आयुष्य वाचत होतो. बाप कत्तलखान्यात गुरांची कातडी सोलायचा. हा पंधराव्या वर्षी तिथलीच रक्ताची फरशी धुवायचा. मग नोकरी करत कॉलेज, नगरपालिका, दोनदा सपाटून पडला, मग विधानसभा, मग गव्हर्नर. प्रत्येक प्रचारसभेत बापाची सुरी उंच धरायचा. लोक टाळ्या वाजवायचे. निवडून आल्यावर त्याच कामगारांची युनियन मोडणाऱ्या कायद्यावर त्याने सही केली. ती ओळ सरांनी खोडली. "चांगल्या प्रसंगी हे कशाला?" बाकीचं वाचून मात्र त्यांचे डोळे भरून आले. "बघा, कातडी सोलणाऱ्याचा पोरगा! याला म्हणतात माणूस."

जेवताना गव्हर्नरने मला विचारलं, तुमचे वडील काय करायचे? माझ्याआधी सरच बोलले, "फार्मर, सर." सहा वर्षांपूर्वी मीच त्यांना तसं सांगितलं होतं. माझ्या आडनावावरून काही कळत नाही, म्हणून खपून गेलं. पण आठवडाभर त्या सुरीबद्दल लिहून माझ्यात काहीतरी उसळलं होतं. मी म्हणालो, "नाही. माझे वडीलही ढोरं सोलायचे. गावातली मेलेली."

गव्हर्नरने माझ्या पाठीवर थाप मारली. "मग पुढचे गव्हर्नर तुम्हीच!" टेबल हसलं. सर हसले नाहीत.

लिफ्टमध्ये म्हणाले, "त्यांचं वेगळं असतं हो. आपल्यात हे असं बोलायचं नसतं."

आपल्यात! दुसऱ्याच दिवशी कळलं, त्या 'आपल्यात' मी कुठवर आहे ते. डब्याच्या झाकणापर्यंत.

संध्याकाळी शारजात, अल मजाजला घरी आलो. बायकोने न संपलेला डबा पाहिला, ठेचा काढून फ्रीजमध्ये ठेवला. दहा वर्षांची लेक शाळेचा प्रोजेक्ट घेऊन बसली होती.

"बाबा, ग्रँडफादर वॉज अ फार्मर, राइट?"

तिलाही मीच सांगितलेलं. सरांनी हात मागे घेतला तो आज. माझ्या बापापासून मी स्वतः तो कित्येक वर्षांपूर्वीच मागे घेतला होता. लाज वाटली. भयंकर लाज वाटली.

"खोड ते," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं.

"वॉज इट बॅड वर्क?"

"काम वाईट नव्हतं. ते फक्त आपल्याच लोकांवर लादलं, ते वाईट होतं. तेही लिही."

ती लिहू लागली. मी बायकोला सांगितलं, उद्या ठेचा जास्त दे.

डबा मधोमध ठेवणार आहे. कुणी खावो, न खावो. आणि सर पुन्हा ॲसिडिटी म्हणाले, तर सगळ्यांसमोर विचारणार आहे: ठेच्याने झाली, की माझ्या बापाने?