तिनं मला सांगितलेलं

माझी बायको सोयाबीन निघाल्यावर केनवडला भावाकडे गेली, ती अजून परत आलेली नाही. आणि मी वाशीमच्या आसपासच्या गावांत नवरा-बायकोंना एकमेकांशी कसं बोलावं ते शिकवत होतो.

आमची संस्था लहान आहे. नवी लग्नं झालेली जोडपी, भांडून माहेरी जाऊन आलेल्या बायका, त्यांचे गप्प नवरे, अशांचे वर्ग आम्ही घ्यायचो. पद्धत साधी. दोन खुर्च्या समोरासमोर. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं उत्तर देण्याआधी ऐकलेलं परत सांगायचं. पण गावात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसायला कुणी उठत नाही. म्हणून आधी आम्ही दोघं बसायचो. एकट्या पुरुषासमोर बायका तोंड उघडत नाहीत, ती असली की उघडायच्या. सर म्हणून लोक मला ओळखत होते, पण वर्ग चालत होता तो तिच्यामुळे.

मी आमच्या घरातल्याच गोष्टी सांगायचो. मीठ कमी म्हणून मी ताट सरकवलं होतं ती गोष्ट. तिच्या मावसबहिणीच्या लग्नाला जायचं मी विसरलो होतो ती. लोक हसायचे. सुरुवातीला तीही हसायची. पुढं पुढं ती खुर्चीवरून पायानं सतरंजीचा कोपरा सरळ करत बसायची. ते मला दिसत नव्हतं असं नाही. वर्ग रंगला की मी तिकडं बघायचं टाळत होतो.

अनसिंगच्या बुद्धविहारातला वर्ग मात्र रंगेना. माणसं भिंतीला टेकून बसलेली, बायका पलीकडे. आम्ही खुर्च्यांवर बसलो तसे एक म्हातारे म्हणाले, "काहून सर, बायकोले समोर बसवून कोर्ट भरवून राह्यले का?"

मागून कुणी तरी म्हणालं, "कोर्टात तारीख तरी भेटते बुढेबाबा, इथं तं आजच निकाल!"

सगळे हसले. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. जोडपं मात्र एकही उठेना. एकदोघं उठून बाहेर जायला लागले. वर्ग हातातून गेलाच म्हणून मी ती गोष्ट सांगितली.

कोणती, ते इथं लिहीत नाही. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिनं ती मला एकदाच सांगितली होती. तिच्या आईलाही ती माहीत नाही. हे लिहू का म्हणून मी फोन करून विचारलं, तर म्हणाली, "ते सोडून काय लिहायचं ते लिहा," आणि फोन ठेवला.

बाहेर निघालेले परत बसले. नियमाप्रमाणे आता समोरच्या खुर्चीवरून तिनं ऐकलेलं परत सांगायचं होतं. ती उठून पाण्याच्या ड्रमापाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. तेवढ्यात एक तरुण पोरगी नवऱ्याचा हात धरून उठली, मग दुसरं जोडपं, मग तिसरं. इतका चांगला वर्ग आमचा कधी झाला नव्हता. निघताना त्या म्हाताऱ्यांनी माझे दोन्ही हात धरले. मला अभिमान वाटला. या अभिमानाची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

परतताना मोटारसायकलवर मीच बोलत होतो. घरी तिनं भात टाकला आणि म्हणाली, "ते म्या तुमाले सांगतलं होतं. लोकाइले नाई."

मी म्हणालो, "अगं, पण कितीजणांना फायदा झाला ते बघ ना."

तिनं गॅस बंद केला. सकाळच्या एसटीनं ती गेली.

पुढच्या वर्गांत बायका विचारायच्या, "मॅडम काहून नाई आल्या?" मी म्हणायचो, तब्येत बरी नाही. रिकामी खुर्ची समोर ठेवून मी खरं बोलण्याचं महत्त्व सांगायचो.

तुरी निघाल्या तेव्हा मी केनवडला गेलो. ती अंगणात सुपात तूर निसत होती. सासूबाईंनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. मेहुणा माझ्यासमोर बसला. तो आणि त्याची बायको आमच्या वर्गाला येऊन गेलेले.

"भाऊजी," तो म्हणाला, "सरळ विचारतो. आमच्या बाईवर हात उचलला का तुमी?"

मी नाही म्हणालो.

"मग आली काहून? मईने झाले, कोनाले काई सांगून नाई राह्यली. मायलेही नाई."

तिनं कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. येण्याचं कारण सांगायचं म्हणजे ती गोष्टच सांगावी लागणार होती.

"माझी चूक झाली," मी म्हणालो.

"चूक म्हंजे काय? चुकीले नाव नाई का काई?"

"दादू," ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "त्याईनं हात नाई उचलला."

"साऱ्या असंच म्हणतात, बाई." तो माझ्याकडे वळला. "तुमीच शिकवलं ना आमाले? मार खाल्लेली बाई माहेरी पह्यले नाईच म्हणते. आमी दोघाईनं आयकलं तुमच्या क्लासमंदी."

ते मीच शिकवलं होतं. खरंही आहे ते. एक वाक्य बोललो असतो तर माझ्यावरचा आळ तिथंच गेला असता. वाक्य जिभेवर आलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला माझी अशी भीती वाटलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी गप्प बसलो.

"समजलं," मेहुणा म्हणाला. "या आता."

बातमी माझ्या आधी वाशीमला पोचली. "सर दुसऱ्याइले शिकवते आन् घरी बायकोले मारते." संस्थेनं माझे वर्ग थांबवले. आमच्याकडे येऊन गेलेली जोडपी बाजारात दिसली की बाजूनं निघून जातात. त्यातल्या एखाद्या बाईला वाटत असेल की मी शिकवलं ते सगळंच खोटं. याचं काय करावं ते मला कळत नाही.

परवा फोनवर मी तिला म्हटलं, "एकट्या तुझ्या भावालाच खरं सांगू का? तो कुणाला सांगायचा नाही."

ती दळण घेऊन गेली होती, मागं चक्कीचा आवाज येत होता.

"मले विचारून राह्यले?"

"हो."

"मग नाई."

बरं म्हणालो. येशील का, हे मात्र विचारायचं धाडस झालं नाही.